पेशंटला सांगू नका

पुण्याहून निघालेली गाडी सुपा मागे टाकून केडगावात शिरते तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असते. मागच्या सीटवर तात्या डोळे मिटून बसलेले. पुढे थोरला मुलगा, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फाईल. त्या फाईलमधला बायोप्सीचा कागद तात्यांच्या शरीराबद्दल आहे. पण तो वाचलाय थोरल्याने, धाकट्याने, जावयाने, आणि मोबाइलवर फोटो पाठवल्यामुळे मुंबईच्या मामांनीही. रात्रीची जेवणं होईपर्यंत तो सुनांना कळतो, सकाळपर्यंत भावकीला, आणि दुपारी रेणुकामातेच्या देवळापाशी चहा पिणाऱ्यांनाही. कळत नाही तो फक्त तात्यांना. त्यांना सांगितलंय, ‘साधी गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल.’

हे कुणा एका घराचं चित्र नाही. केडगावातून, नगरमधून, पारनेर-श्रीगोंद्यातून उपचारासाठी पुण्या-मुंबईची वाट धरणाऱ्या कितीतरी घरांचं आहे. डॉक्टरांना आडबाजूला घेऊन म्हटलं जाणारं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘पेशंटला सांगू नका. हाय खातील.’ आजाराचं नाव घरात कुणी घेत नाही. ‘मोठं दुखणं’, ‘तसलं काही’, फार तर ‘गाठ’. ‘टाटाला न्यायचंय’ एवढं म्हटलं की ऐकणारा समजतो.

बरा न होणारा आजार निघाल्यावर उरलेलं आयुष्य कसं जगायचं, यावर गेल्या साठेक वर्षांत डॉक्टरांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे. त्या सगळ्या कामाची पहिली अट एकच: ज्याचं आयुष्य आहे त्याला ते ठाऊक हवं. आपलं गाडं नेमकं तिथेच रुततं. म्हणून सुरुवात न सांगण्यापासूनच करू.

न सांगण्याची जुनी रीत

‘आपल्याकडे असं तोंडावर सांगत नाहीत, ते तिकडे चालतं,’ असं आपण म्हणतो. यात अर्धंच खरं आहे. चरकसंहितेत ‘इंद्रियस्थान’ नावाचा एक पूर्ण भाग मृत्यूच्या पूर्वचिन्हांवर आहे. ती चिन्हं ओळखता आली तरी वैद्याने न विचारता मरणाची वार्ता सांगू नये, आणि विचारलं तरी ऐकून रोग्याला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल तर बोलू नये, असा उपदेश तिथे केलेला आहे. म्हणजे सावधगिरी जुनी आहे. पण ती वैद्याला आहे, आणि ‘न विचारता’ हा शब्द तिच्यात महत्त्वाचा आहे. तात्या दर फेरीला विचारतात, ‘काय म्हणाले डॉक्टर?’

आणि ‘तिकडे’? शिकागोच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांची पाहणी १९६१ साली प्रसिद्ध झाली. कॅन्सर झालाय हे रुग्णाला सांगायचं नाही, याकडे त्यांतल्या सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल होता. कारणंही आपलीच: खचेल, आशा सोडेल. तसाच प्रश्न विचारणारी अमेरिकेतली दुसरी पाहणी १९७९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने होते. अठरा वर्षांत एखाद्या देशाची संस्कृती उलटीपालटी होत नाही. मधल्या काळात उपचार वाढले, त्यांना रुग्णाची संमती लागू लागली, आणि मरणाऱ्या माणसांशी बसून बोलण्याची सुरुवात झाली. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचं शेकडो रुग्णांशी झालेल्या संवादांवरचं पुस्तक १९६९चं. नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार हे त्यांचे पाच टप्पे पुढे फार गाजले. ते पायऱ्यांसारखे क्रमाने येत नाहीत, काहींना येतच नाहीत, हे आता मान्य झालं आहे. पण पुस्तकाचं खरं मोल टप्प्यांत नव्हतं. मरणारा माणूस बोलायला तयार असतो, ऐकणारे पळ काढतात, हे त्यांनी दाखवलं.

आपल्या परंपरेत मरण ओळखून त्याला सामोरं जाणाऱ्यांपुढे तर आपण हात जोडतो. १९८२च्या नोव्हेंबरात हृदयविकाराचा झटका आल्यावर पवनारच्या आश्रमात विनोबांनी अन्न आणि औषध थांबवलं आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. जैन कुटुंबांत संथारा घेणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या दर्शनाला रांगा लागतात. जाणून जाणाऱ्याला आपण मोठं मानतो. मात्र आपल्या बापाला ते झेपणार नाही, असं आपणच ठरवून टाकतो.

मौनाचे चार प्रकार

बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस हे दोन समाजशास्त्रज्ञ. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांत बसून त्यांनी एकच गोष्ट पाहिली: मरणाबद्दल कुणाला काय ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेलं कोण कुणापुढे दाखवतं. १९६५ साली त्यांनी याच्या चार अवस्था मांडल्या. पहिलीत सगळ्यांना माहीत असतं, रुग्णाला नसतं. दुसरीत रुग्णाला शंका येते, तो चाचपून पाहतो. तिसरीत दोघांनाही माहीत असतं, पण दोघंही माहीत नसल्याचं सोंग आणतात. चौथीत बोलणं उघड होतं.

तात्या पहिल्या अवस्थेत फार दिवस राहत नाहीत. सदऱ्याला ढिलाई आलेली त्यांनाच पहिल्यांदा कळते. रेडिएशनच्या रांगेत शेजारी बसलेला माणूस कशासाठी आलाय हे तो स्वतःच सांगतो. वर्षानुवर्षं न बोलणारा चुलतभाऊ अचानक सफरचंदं घेऊन येतो. सून मीठ-तिखटावरून टोकत नाही. या खुणा वाचायला फाईल लागत नाही. तरी तात्या बोलत नाहीत, कारण पोरं लपवताहेत म्हणजे पोरांना झेपत नाहीये, हे त्यांनी ओळखलेलं असतं. आता ते पोरांना सांभाळू लागतात. तिसरी अवस्था सुरू होते. एका छपराखाली सगळ्यांना सगळं माहीत, आणि संध्याकाळी सगळे मिळून मालिका बघतात.

या सोंगाची किंमत हिशेबात येत नाही, म्हणून ती मोठी असते. रात्री दोनला जाग आल्यावर भीती कुणाजवळ बोलायची, हा प्रश्न तात्यांपुढे असतो. बाईंना नवऱ्याजवळ रडता येत नाही, त्या मोरीत जाऊन रडतात. बांधावरून तुटलेल्या भावाशी बोलायचं राहून जातं, कारण ‘बरे झाल्यावर बघू’ असं ठरलेलं असतं. पतपेढीतली ठेव, सोसायटीचं कर्ज, विहिरीतला हिस्सा, हे सगळं एकट्याच्या डोक्यात असतं आणि डोक्याबरोबरच जातं.

एक जिल्हा, दोन रीती

याच जिल्ह्यात बरा न होणारा दुसरा एक आजार अगदी उलट रीतीने सांगितला जातो. सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी होते. तिथे तपासणीआधी समुपदेशक बोलतो, नंतरही बोलतो, आणि निकाल ज्याचा त्याच्या हातात देतो. मुलगा, भाऊ, जावई बाहेर बाकावर. एचआयव्ही-एड्सविषयीच्या २०१७च्या कायद्याने ही गुप्तता बंधनकारक केली. मोजके अपवाद सोडले तर संमतीशिवाय निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही.

नगरला १९८९ साली गिरीश कुलकर्णी यांनी ‘स्नेहालय’ सुरू केलं ते देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्या मुलांसाठी. पुढे एचआयव्हीबाधित मुलांचा आणि मोठ्यांचा सांभाळ हा त्या कामाचा मोठा भाग झाला. सुरुवातीच्या काळात या आजाराचं निदान म्हणजे मरणाचा कागद होता. सरकारी दवाखान्यांतून औषधं मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४पासून. विषाणू आजही शरीरातून पुरता जात नाही, पण रोज गोळी घेणारा माणूस संसार करतो, नोकरी करतो, म्हातारा होतो. हे साधायचं तर त्याला आपला आजार माहीत असावाच लागतो. नाहीतर जन्मभर रोज गोळी कोण घेईल? तिथे सांगणं हा उपचाराचाच भाग झाला.

कॅन्सरच्या बाबतीत मात्र कागद नातेवाइकांच्या हातात पडतो. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारनियमांत म्हटलंय की आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही. पण ही माहिती कुणाला असावी, तर रुग्णाला, नातेवाइकांना ‘किंवा’ जबाबदार मित्रांना. या ‘किंवा’च्या फटीतून तात्या निसटतात.

‘किती दिवस?’

कळल्यावर पहिला प्रश्न हाच, आणि याचंच उत्तर सर्वांत कच्चं. शिकागोतल्या निकोलस ख्रिस्टाकिस आणि एलिझाबेथ लॅमाँट यांनी ३४३ डॉक्टरांना त्यांच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांबद्दल अंदाज विचारले आणि पुढे काय झालं ते पाहिलं. २००० साली आलेला निष्कर्ष असा: बरोबर अंदाज फक्त २० टक्के, आणि बहुतेक चुका जास्त आयुष्य सांगण्याच्या. सरासरीने प्रत्यक्षाच्या पाचपट. डॉक्टर रुग्णाला जितका जास्त ओळखत होता, तितकी चूक वाढत गेली. मायेचं माप सैल असतं, ते डॉक्टरचंही.

आकडा उलट्या बाजूनेही फसवतो. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली पोटाच्या अस्तराचा दुर्मिळ कॅन्सर निघाला. ग्रंथालयात त्यांनी वाचलं, या आजारात मध्यक आयुष्य आठ महिने. आकडेशास्त्र त्यांच्या हाताखालचं. मध्यक आठ महिने म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या आत जातात आणि निम्मे त्याच्यापुढे जगतात, आणि पुढच्या निम्म्यांची शेपटी बरीच लांब असू शकते, हे त्यांनी लगेच ओळखलं. ते आणखी वीस वर्षं जगले. २००२ साली गेले, तेही वेगळ्याच कॅन्सरने. प्रत्येकाच्या वाट्याला अशी शेपटी येते असं नव्हे. पण ‘तीन महिने’ या शब्दांपुढे पूर्णविराम नसतो, एवढं यातून घ्यावं.

म्हणून जाणते डॉक्टर तारीख सांगत नाहीत, अंतराचा अदमास देतात: आठवड्यांची गोष्ट आहे, महिन्यांची, की वर्षांची. महिने असतील तर नातीचं लग्न अलीकडे ओढता येतं. आठवडेच असतील तर दुबईच्या मुलाला आजच तिकीट काढायला सांगता येतं.

उतीचे आत्माराम गावंडे

माहीत असलेला माणूस कसा जगतो, याचं बारकाईने लिहिलेलं एक उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं उती हे खेडं. तिथले सीताराम गावंडे जवळजवळ ११० वर्षं जगले, शेतकऱ्याच्या घरात, लेकरा-नातवंडांत. त्यांचे पुत्र आत्माराम डॉक्टर झाले, १९६३ साली अमेरिकेला गेले आणि ओहायोतल्या अथेन्स या लहान गावात मूत्ररोगांचे सर्जन म्हणून नावारूपाला आले. आईच्या नावाने त्यांनी उमरखेडला महाविद्यालय उभं केलं. त्यांचा मुलगा म्हणजे सर्जन आणि लेखक अतुल गावंडे. २०१४ साली आलेल्या ‘बीइंग मॉर्टल’मध्ये अतुल यांनी वडिलांचं शेवटचं आजारपण सांगितलं आहे.

२००६ साली, सत्तरी ओलांडलेल्या आत्मारामांच्या मानेत दुखू लागलं, डाव्या हाताची बोटं बधिर झाली. एमआरआयमध्ये दिसलं की मानेतल्या मज्जारज्जूच्या आतच गाठ आहे. दोन न्यूरोसर्जनांना दाखवलं. पहिल्याने ताबडतोब शस्त्रक्रिया सुचवली. आत्माराम स्वतः सर्जन. ते प्रश्नावर प्रश्न विचारू लागले तसा तो त्रासला. क्लीव्हलँडचे एडवर्ड बेंझेल खुर्ची वळवून समोर बसले आणि त्यांनी उलट विचारलं: तुम्हाला कशाची काळजी वाटते? आत्मारामांना भीती हातपाय निकामी होऊन पडून राहण्याची होती. शस्त्रक्रियेत तोच धोका होता, थांबण्यातही होता, पण उशिरा. दोघांनी मिळून थांबायचं ठरवलं.

या थांबण्यातून त्यांना वर्षं मिळाली. शस्त्रक्रिया करणं त्यांनी पुढे सोडलं, कारण हातावर भरवसा राहिला नव्हता. पण ते रोटरीचे प्रांतपाल झाले आणि प्रांतातल्या क्लबांना भेटी देत फिरले. गाठ वाढून पाय अडखळू लागले तेव्हा शस्त्रक्रिया करून घेतली. पुढच्या रेडिएशनने फायदा झाला नाही, त्रास वाढला. मग केमोथेरपीच्या मागे न लागता घरीच हॉस्पिसची सेवा घेतली, म्हणजे आजार बरा करण्याची धडपड थांबवून वेदना, झोप, पडणं-झडणं सांभाळणारी सेवा. त्यानंतर त्यांचे दिवस सुधारले. अथेन्सच्या विद्यापीठात मुलाचं दीक्षांत भाषण होतं. व्हीलचेअर खाली ठेवून, आधाराने पायऱ्या चढून ते वर आपल्या जागेवर जाऊन बसले. २०११च्या ऑगस्टमध्ये ते गेले. अस्थी वाराणसीला गंगेत सोडल्या.

पुस्तकातली एक पद्धत कुठल्याही घराला वापरता येईल. कठीण वळणावर अतुल यांनी वडिलांना विचारलेले प्रश्न उपचारांबद्दलचे नव्हते. तुम्हाला आजाराबद्दल काय समजलंय? भीती कशाची वाटते? काय महत्त्वाचं वाटतं? त्यासाठी किती त्रास सोसायची तयारी आहे, आणि कुठे थांबायचं? हे प्रश्न त्यांनी सुझन ब्लॉक या पॅलिएटिव्ह तज्ज्ञ बाईंकडून घेतले होते. ब्लॉक यांनी आपल्या वडिलांना हेच विचारलं तेव्हा त्या प्राध्यापकांनी सांगितलं, चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल पाहता आला तरी जगायची तयारी आहे. उत्तर ऐकून त्या चकित झाल्या. पण ऑपरेशन थिएटरच्या दारात निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा तेच उत्तर कामी आलं.

आधी दुखणं थांबवा

अर्थ, शांती, समाधान या गोष्टी कळवळणाऱ्या माणसाला सांगू नयेत. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग समाजसेविका, मग डॉक्टर. मरणाऱ्यांची वेदना त्यांनी तिन्ही बाजूंनी पाहिली, आणि १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्यांचं म्हणणं होतं, वेदनेला चार पदर असतात: शरीराचा, मनाचा, घर-पैशाचा, आणि ‘माझ्याच वाट्याला का?’ या प्रश्नाचा. एक पदर मोकळा सोडला तर बाकीचे तीन आवळतात.

शरीराच्या पदरावर सगळ्यात भरवशाचं औषध म्हणजे मॉर्फिन. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात अफूची कायदेशीर शेती होते, पण १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळात मॉर्फिनची गोळी दवाखान्यांतून जवळजवळ गायब झाली. २०१४ साली कायदा बदलून परवान्याची वाट सोपी केली गेली. घराघरांतली भीती मात्र तशीच आहे: ‘मॉर्फिन दिलं म्हणजे संपलं’, ‘सवय लागेल’. जाणकाराने मोजून, वेळेवर दिलेल्या मॉर्फिनने कॅन्सरच्या रुग्णाला व्यसन लागणं विरळाच. बद्धकोष्ठ होतं; त्याचं औषध सोबतच देतात. दुखणं थांबलेला माणूस झोपतो, दोन घास जेवतो, लोकांत बसतो.

या सगळ्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेलं शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला १९९७पासून सिप्लाचं केंद्र आहे, म्हणजे केडगावहून तीनेक तासांच्या रस्त्यावर. दोन्हीकडे सेवा मोफत. टाटा रुग्णालयात या कामाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे जाणं म्हणजे उपचार सोडणं, हा समज चुकीचा आहे. बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना पहिल्यापासून जोडीला पॅलिएटिव्ह केअर. २०१० साली आलेले आकडे सांगतात की दुसऱ्या गटातल्यांना खिन्नता कमी आली, शेवटी शेवटी जोरकस उपचारांचा मारा कमी झाला, आणि ते जगलेही जास्त: मध्यकाने ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने.

आयुर्वेदाकडे यासाठी एक नेमका शब्द आहे: ‘याप्य’. साध्य आणि असाध्य यांच्या मधला. मुळातून जाणार नाही, पण सांभाळ चालू असेपर्यंत माणूस चालता राहील असा रोग. ‘आता काही करण्यासारखं नाही’ या वाक्याने आपण याप्यालाही असाध्यात ढकलतो.

उरलेली कामं

‘अर्थ’ हा शब्द मोठा आहे. व्हिक्टर फ्रँकल हे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ नाझी छळछावण्यांतून वाचले, आणि १९४६ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी मांडलं की माणूस अर्थावर तगतो. न्यूयॉर्कच्या कॅन्सर रुग्णालयात विल्यम ब्राइटबार्ट यांनी त्यावरून सात-आठ बैठकांची उपचारपद्धत बांधली. अर्थाचे चार झरे त्यात शोधतात: मागून आलेला आणि पुढे द्यायचा वारसा; हाताने केलेलं काम; प्रेम, निसर्ग, विनोद यांचा अनुभव; आणि न बदलणाऱ्या परिस्थितीपुढे आपण घेतलेला पवित्रा.

कॅनडाचे हार्वे चोचिनोव यांनी आणखी सोपं केलं. रुग्णाला ठरावीक प्रश्न विचारायचे: आयुष्यात सगळ्यात जिवंत कधी वाटलं? कोणत्या कामाचा अभिमान आहे? घरच्यांना काय सांगायचं राहिलंय? बोलणं टेप करायचं, नीट लिहून काढायचं, वाचून दाखवायचं आणि ते कागद घरच्यांसाठी ठेवायचे. कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या १०० रुग्णांवर २००५ साली आलेल्या अभ्यासात ७६ टक्क्यांनी सांगितलं की आपला मान वाढल्यासारखं वाटलं. ६७ टक्क्यांना आयुष्याला अर्थ असल्याची जाणीव वाढली.

केडगावच्या घरात याला उपचारपद्धत म्हणायचीही गरज नाही. नातवाच्या मोबाइलवर रेकॉर्डिंगचं बटण आहे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेल्याची गोष्ट, पहिली विहीर कुठे फसली, नेप्तीच्या बाजारात कांद्याचा भाव कधी चढला नि कधी रडवलं, भावाशी नेमकं कशावरून बिनसलं. विचारलं तर तात्या तासभर बोलतील. यातच त्यांचा वारसा आहे, आणि विहिरीतल्या हिश्श्याची माहितीही.

एक गोष्ट मात्र टाळायला हवी. ‘खंबीर राहा’, ‘पॉझिटिव्ह राहा’, ‘लढा’ हे शब्द आजाऱ्यावर नवं ओझं टाकतात. आजार वाढला की तो त्याचाच पराभव ठरतो. काहींना शेवटपर्यंत अर्थ-बिर्थ काही सापडत नाही. चीड येते, कंटाळा येतो. तेही चालतं. जवळ बसायला कारण लागत नाही.

कसं सांगायचं

सांगणं म्हणजे दारातून बॉम्ब टाकणं नव्हे. वाईट बातमी सांगण्याची एक सहा पायऱ्यांची रीत २०००पासून जगभर शिकवली जाते. निवांत जागा बघा, बसून बोला. रुग्णाला काय ठाऊक आहे ते विचारा. किती जाणून घ्यायचंय ते विचारा. मग साध्या शब्दांत, थोडं थोडं सांगा. रडू आलं, राग आला तर थांबा, औषधांच्या नावांनी ते बुजवू नका. शेवटी पुढे काय करायचं ते मिळून ठरवा.

यात तिसरी पायरी कळीची. काही माणसं म्हणतात, ‘मला नका सांगू, थोरल्याला सांगा.’ न जाणण्याचाही हक्क आहे, आणि तो पाळलाच पाहिजे. पण तो हक्क तात्यांचा आहे. त्यांना न विचारता तो थोरल्याने वापरला, तर ती हिरावणूक होते.

बोलणं उघड झालं की कायद्यानेही एक वाट करून ठेवली आहे. ९ मार्च २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि २४ जानेवारी २०२३ला त्याची प्रक्रिया सोपी केली. स्वतः निर्णय घेता येणार नाही अशी वेळ आली आणि बरं होण्याची आशा नसली, तर व्हेंटिलेटरसारखे उपाय नकोत, असं आधीच लिहून ठेवता येतं. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही, आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं, आणि एक प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. केडगाव नगरच्या महापालिकेत येतं, म्हणजे प्रत महापालिकेत. हा कागद माणूस शुद्धीत असतानाच करता येतो, आणि आपला आजार माहीत असलेल्यालाच तो करायचं सुचतं.

पुढच्या फेरीला गाडी पुन्हा सुप्यापाशी चहाला थांबेल. थोरला फाईल सीटवर ठेवून उतरेल. तात्या कपात फुंकर मारत, नेहमीसारखं त्याच्याकडे न बघता विचारतील, ‘काय म्हणाले रे डॉक्टर?’ थोरल्याने या वेळी बाकावर त्यांच्या शेजारी बसावं, फाईल मधे ठेवावी आणि म्हणावं, ‘तात्या, तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?’ मग गप्प राहावं. कदाचित तात्या चहा संपवतील, बराच वेळ रस्त्याकडे बघतील आणि म्हणतील, ‘मला कधीचंच कळलंय. तुझीच वाट बघत होतो. घरी जाताना वाटेत चुलत्याकडे गाडी थांबव.’